सगळ्यांत आपणही येतो

दार सताड उघडं असलं तरी बाहेर थांबून कडी वाजवायची, हा काकांचा पहिला नियम. आतून आवाज यायचा, "कोण?" आपण म्हणायचं, "मी." लगेच दुसरा प्रश्न, "मी म्हणजे कोण?" एकमेकांचं तोंड स्पष्ट दिसत असताना हा संवाद चालायचा. मग आपलं पूर्ण नाव सांगायचं, काय कामाला आलो ते सांगायचं, काकांची मान हलली की चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन आत यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं म्हातारा माझी चेष्टा करतोय, म्हणून मी हसले. काका हसले नाहीत. पाव तास मी उंबऱ्याबाहेर उभी होते आणि ते आत बसून माझ्याकडे, ओळखदेख नसल्यासारखे बघत होते. शेवटी मी सासर-माहेरच्या आडनावांसकट सगळं सांगितलं तेव्हा कुठे सुटका झाली.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी सांगलीहून काशीला येऊन पडले होते. दुर्गाघाटाच्या वर, अंधाऱ्या गल्लीत, एका विश्वस्त मंडळाचं जुन्या पोथ्यांचं ग्रंथालय होतं. तिथे तिसऱ्या मजल्यावर पोथ्यांचे पानोपानी फोटो काढून ते संगणकात ठेवायचं काम चाले. मराठी वाचणारी आणि संगणक कळणारी बाई त्यांना हवी होती. मी दोन्हींत बसत होते. संगणकांची सगळी व्यवस्था काकांकडे होती. कुठल्याशा कार्यालयाच्या संगणक विभागातून ते निवृत्त झाले होते आणि त्यांचं घराणं सहा पिढ्यांपासून काशीत होतं. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. "जरा रुका, पेहले हात सुखवा, मग बटन दाबा," असं ते म्हणायचे, आणि हे शुद्ध मराठी आहे याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती.

मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांना बाकी सगळ्याची. वानरांची, कारण ती इंटरनेटची तार चावतात. बत्ती जाण्याची. पावसाळ्यात भिंतीला येणाऱ्या ओलीची. बाहेरून कोणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की ते खुर्ची मागे सरकवायचे. एकदा मी गमतीनं म्हटलं, काका, तुम्ही इतके घाबरता कशाला? ते गंभीरपणे म्हणाले की ह्या खोलीत एकानं तरी घाबरलं पाहिजे, आणि पगार त्याचाच मिळतो.

सर्वांत जास्त ते "झालं" ह्या शब्दाला भ्यायचे. पोथीच्या फोटोंची दुसरी प्रत काढून ठेवली का, असं मी विचारलं तर "झालं" म्हणून मोकळे व्हायचे नाहीत. म्हणायचे, "सध्या आहे." जेवलात का विचारलं तरी "सध्या पोट भरलंय." मला वाटायचं, ह्या माणसाच्या बायकोनं संसार कसा केला असेल.

जानव्याला किल्ली बांधणारी माणसं त्या गल्लीत पुष्कळ होती. काकांच्या जानव्याला किल्लीशेजारी एक पेनड्राइव्हही होता. लघवीला जाताना जानवं कानाला अडकवलं की तो कानाखाली लोंबायचा आणि परत येईपर्यंत कोणाशी बोलणं नसे. त्यात काय आहे, हे मी धीर करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काही नाही. पण चोराला ते ठाऊक नाही."

कामात मात्र त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. कुठल्या फोल्डरमध्ये कोणाला शिरता येईल, हे संगणकात ठरवता येतं. त्याला आम्ही परवानग्या म्हणायचो. काकांनी मला ते सोवळ्याच्या भाषेत शिकवलं. कोणी दारातून नमस्कार करायचा, कोणी गाभाऱ्यात जायचं आणि कोणी मूर्तीला हात लावायचा. बघणं, लिहिणं, पुसणं हे तीन अधिकार वेगळे. आणि दहा परवानग्या असल्या तरी एक मनाई त्यांच्यावर भारी पडते. कोणतीही परवानगी बदलण्याआधी, आत्ता काय आहे ते ते एका लाल वहीत लिहायचे. मगच माउसला हात लावायचे. लोकांच्या यादीत सगळ्यांत वर "एव्हरीवन" असं एक नाव असायचं. त्याच्यावर बोट ठेवून ते एकदा म्हणाले होते, ह्याला कधी छेडू नका, सगळ्यांत आपणही येतो. मी ते काशीतल्या माणसाचं तत्त्वज्ञान समजून मान डोलावली आणि विसरून गेले. ते तत्त्वज्ञान नव्हतं, कामाची सूचना होती.

संकठाघाटाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे देवीच्या पूजेची पोथी होती. त्यांच्या खापरपणजोबांनी लिहिलेली, आणि पुढच्या प्रत्येक पिढीनं समासात आपापल्या नोंदी केलेल्या. कुठल्या वर्षी पूर आला तेव्हा पूजा कुठे केली, कोणता मंत्र घरात कसा म्हणतात, कोण मुलगा पहिल्यांदा पूजेला बसला. पानं हाताला लागली की तुटत होती. अशी जीर्ण पोथी घरात ठेवत नाहीत, गंगेत सोडतात. गुरुजींनी ती आधी आमच्याकडे आणली. म्हणाले, फोटो काढा, मग मी तिला सोडतो, नंतर मला छापून द्या. पुण्याला राहणारी मुलगी हे त्यांचं एकुलतं एक अपत्य, तिच्यासाठी त्यांना ते हवं होतं.

नेमकं तेव्हाच काकांना सुतक आलं. त्यांचा चुलतभाऊ ग्वाल्हेरला वारला होता. दहा दिवस ते ग्रंथालयाची पायरी चढणार नव्हते, कारण पोथ्यांना सुतकात शिवायचं नाही आणि त्यांच्या लेखी संगणक पोथ्यांतच जमा होता. मी दोन दिवस खपून दोनशे चौदा पानांचे फोटो काढले. ते माझ्या खात्यात ठेवले. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या पोथीला लागले. दुसरी प्रत काढायची तबकडी, म्हणजे हार्डडिस्क, काकांच्या घरी असे. सुतकाच्या घरी जाऊन ती मागायची मला लाज वाटली. शनिवारी बघू, म्हटलं.

गुरुजी जिन्यावर भेटले. त्यांनी विचारलं, "झालं का?"

मी म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोथी गंगेत सोडली.

त्याच दुपारी निरोप आला की बाहेरून काही अभ्यासक येणार आहेत आणि माझ्याच संगणकावर बसून पोथ्या बघणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळं खातं होतं, तरी मला स्वस्थ बसवेना. कोणी चुकून गुरुजींची पानं पुसली तर? काका नाहीत, प्रत नाही, पोथी नाही. तेव्हा मी परवानग्यांची खिडकी उघडली, "एव्हरीवन" शोधलं आणि त्याच्यापुढच्या मनाईच्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. आपल्या भाषेत सगळ्यांना मनाई म्हटलं की बाकीच्या सगळ्यांना असाच अर्थ होतो. सोवळ्यातली बाई "कोणी शिवू नका" म्हणते तेव्हा ती स्वतःला थोडीच धरते? त्यात भर म्हणजे मी ती मनाई पोथीच्या फोल्डरला न लावता एक पायरी वर, माझ्या अख्ख्या खात्याच्या फोल्डरला लावली होती. लाल वहीत काही लिहिलं नाही. निश्चिंत होऊन घरी गेले आणि रात्री छान झोपले, हे आठवलं की अजून लाज वाटते.

सकाळी संगणक सुरू केला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तुमच्या खात्यात शिरता येत नाही, असं काहीतरी उमटलं आणि मग पडदा उघडला तो कोरा. माझी एकही वस्तू तिथे नव्हती. कोपऱ्यात सूचना होती की हे खातं तात्पुरतं आहे, इथे जे कराल ते बाहेर पडताच पुसलं जाईल. मी बंद करून परत सुरू केलं. तेच. पुन्हा केलं. तेच. खिडकीतून नदी दिसत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. अकरा वाजता गुरुजी छापलेली पानं न्यायला येणार होते.

 कोणाला सांगावं? बाहेरून माणूस बोलावला असता तर त्यानं सगळं पुसून संगणक नवा करून दिला असता आणि वर शाबासकीची वाट बघितली असती. मी काकांच्या घरी पळाले. दोन गल्ल्या पलीकडे. कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

मला नाव सांगता येईना. मी रडायलाच लागले. काका दारात आले. दाढी वाढलेली, अंगावर साधा पंचा. शिवायचं नाही म्हणून ते दोन हात लांब उभे राहिले. मी जमेल तसं सगळं सांगितलं.

"सगळ्यांना मनाई केलीत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, बाकीच्यांना."

"मशीनला बाकीचे समजत नाहीत, ताई. त्याला सगळे समजतात." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि पोथी?"

मी सांगितलं. गुरुजींना काय म्हणाले, तेही सांगितलं. "झालं" हा शब्द ऐकल्यावर काका दारातल्या पायरीवर खाली बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त भीती होती.

मग म्हणाले, पानं कुठे जात नसतात. मनाई दाराला आहे, घर आत तसंच आहे. त्यांचं स्वतःचं एक खातं होतं, सगळ्या खात्यांच्या वरचं. त्यातून शिरून माझ्या दाराची मनाई काढता येईल. मी म्हटलं, मला पासवर्ड सांगा, मी करते, तुम्ही सुतकात येऊ नका. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं.

"तो जिभेवर येत नाही. बोटांत आहे," ते म्हणाले.

त्यांनी विहिरीवर अंघोळ केली आणि घरातल्या दोन तबकड्या बरोबर घेतल्या. येताना वाटेत एकदाच बोलले, तेही माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. म्हणाले की पोथी तर पाण्यात गेली, आता उरली ती तिची छाया, आणि छायेला सुतक लागतं का हे त्यांना ठाऊक नाही. आयुष्यभर जपलेला नियम ते माझ्या एका शब्दासाठी मोडत होते. मी मागून मान खाली घालून चालत होते.

ते थेट संगणकासमोर बसले. बोटं ठेवली, टाइप केलं. चूक. काही नाही, म्हणाले. परत केलं. चूक. हात पंचाला पुसले. तिसऱ्यांदाही चूक. पाच चुका झाल्या की खातं अर्धा तास बंद होतं. नियम त्यांनीच लावलेला. चौथ्यांदा त्यांनी एकेक अक्षर थांबून थांबून दाबलं आणि तेही चुकलं. अर्ध्या तासाची भीती नव्हतीच. बोटांना काही आठवत नव्हतं, ही भीती होती. पासवर्ड त्यांनी कुठे लिहूनही ठेवला नव्हता, कारण लिहिलेलं चोरीला जातं. ते आपल्या हातांकडे दुसऱ्या कोणाचे हात असावेत तसे बघत होते.

"असं हल्ली होतं," ते पुटपुटले. "घरी सांगितलेलं नाही."

 खाली जिन्यात काठीचा आवाज आला. गुरुजी तासभर आधीच येऊन पोचले होते आणि एका पायरीवर दम खात बसले होते.

काका एकदम उठले. "आपण कडी नाही वाजवली," ते म्हणाले. घाईत दोघंही सरळ आत आलो होतो, चपलांसकट. ते बाहेर गेले, चपला काढल्या, पाय धुतले, उघड्या दाराची कडी वाजवली आणि उभे राहिले. माझी वाट बघत. मी आतून विचारलं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

 काकांचे डोळे माझ्यावर होते, पण ते मला बघत नव्हते. ते आत कुठेतरी शोधत होते. हा खेळ नाही, हे मला तेव्हा कळलं आणि मी इतकी घाबरले की प्रश्न परत घ्यावासा वाटला. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग त्यांचे दोन्ही हात आपोआप वर आले, उलटसुलट होऊन कानांना लागले, आणि मुंजीत शिकवलेलं ते सगळं एका दमात बाहेर पडलं: प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा आणि शेवटी नाव. आठ वर्षांच्या मुलानं म्हणावं तसं घडाघडा. म्हणतच ते आत आले, म्हणतच खुर्चीवर बसले आणि बोटं चालली.

खातं उघडलं.

मला वाटलं ते आता घाई करतील. नाही. त्यांनी लाल वही मागितली. माझ्या फोल्डरवर आत्ता कोणाला काय परवानगी आहे आणि काय मनाई आहे, ते आधी लिहून काढलं, माझी चूकही जशीच्या तशी. मग "एव्हरीवन"समोरच्या माझ्या खुणा एकेक करून काढल्या. संगणकानं गोंधळून माझ्या खात्याची नोंद बाजूला टाकली होती, ती मूळ जागी आणली. बंद केलं, सुरू केलं, आणि खुर्ची मला दिली. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर माझ्या सगळ्या वस्तू होत्या. पोथीचं फोल्डर होतं. काकांनी मला दोनशे चौदाही पानं एकेक उघडून दाखवायला लावली. मग दोन तबकड्यांवर दोन प्रती केल्या आणि पानं छापायला लावली.

तोवर गुरुजी वर येऊन उंबऱ्याबाहेर उभे होते. कडी वाजवून त्यांनी आपलं नाव रीतसर सांगितलं, आणि विचारलं, "झालं का?"

"सध्या आहे," मी म्हटलं.

गुरुजींना काही उमगलं नाही. छापलेली पानं त्यांनी कपाळाला लावली. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते, कारण सुतकात आहेत हे गुरुजींना कळू नये. पण त्यांची मान हलली, ती मी पाहिली.

सुतक फिटल्यावर काका दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून कामावर आले. त्यांनी लाल वही माझ्यापुढे ठेवली आणि सांगितलं की आजपासून वरचं खातं मी सांभाळायचं, आणि त्यातून त्यांचं नाव काढायचं.

"माझं लिहिणं काढा. पुसणं काढा. बघणं फक्त ठेवा."

मी भांडले. म्हटलं, चूक माझी होती आणि शिक्षा तुम्ही घेताय? माझ्याच्यानं हे होणार नाही. ते शांतपणे ऐकत होते.

"बेटी," ते म्हणाले. त्याआधी त्यांनी मला कधी बेटी म्हटलं नव्हतं. "त्या दिवशी बोटं चारदा चुकली. उद्या बोटं बरोबर चालतील आणि डोकं चुकेल. मी काय पुसलं, मलाच कळणार नाही. पोथीला ज्यांचा धोका आहे, त्यांना आपण बाहेर ठेवतो ना? मग ठेवा. सगळ्यांत आपणही येतो."

मी आधी वहीत लिहिलं, जसं होतं तसं. मग त्यांच्या नावासमोरच्या खुणा काढल्या. ते मागे उभे राहून बघत होते. पुसण्याची खूण काढताना माझा हात थांबला, तर त्यांनीच सांगितलं की उजवीकडचा चौकोन, ताई, उजवीकडचा.

पुढे आमची बदली होईपर्यंत दीड वर्ष आम्ही एकत्र होतो. काका रोज यायचे. पानं बघायचे, माझ्या चुका काढायचे, वानरांना भ्यायचे. उघड्या दाराची कडी वाजवून उभे राहायचे. मी आतून विचारायची, "कोण?" ते म्हणायचे, "मी." आणि मी घाईघाईनं म्हणायची, "या काका, आत या." दुसरा प्रश्न ओठांवर यायचा आणि मी तो गिळायची. ते दारात शोधत उभे राहिले आणि ह्या वेळी काहीच हाताला लागलं नाही तर, ही भीती मला रोज सकाळी वाटायची.

एके दिवशी ते आत आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबले.

"हल्ली दुसरं विचारत नाही तुम्ही," ते म्हणाले.

मी म्हटलं, समोर तर दिसताय, काय विचारायचं.

काका थोडा वेळ दाराची कडी हातात धरून उभे राहिले. मग ती हळूच सोडली.

"नका विचारू," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.